मोजणी दोन्हीकडं बरोबर होती

तासगाव मागं टाकून दहा मिनिटं झाली असतील. मागच्या सीटवरून एक पोर पुढं आलं, माझ्या बाहीला बोट लावलं आणि म्हणालं, "एक्स्क्यूज मी सर, मे आय गो टू वॉशरूम?"

मला दरदरून घाम फुटला. महिना जानेवारीचा होता.

आमच्या बालवाडीतलं पोर असं बोलत नाही. आमचं पोर म्हणतं, "आबा, मुतायचं हाय," आणि बऱ्याचदा तेही काम उरकल्यावर म्हणतं. मी त्याची पिवळी टोपी वर केली. खालचं तोंड मी जन्मात बघितलेलं नव्हतं.

"तुझं नाव काय रं?"

"माय नेम इज विहान."

"कुणाचा तू?"

"माय नेम इज विहान."

"आरं बाळा, घर कुठं तुझं?"

"आय ॲम थ्री अँड हाफ इयर्स ओल्ड."

प्रश्न कुठलाही विचारा, उत्तर तयार होतं. शिक्षण चांगलं झालेलं दिसत होतं.

ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. विहानला बाभळीमागं नेऊन आणलं, कारण ती अडचण काही कुणाची वाट बघत नाही. मग पोरं मोजली. सतरा. परत मोजली. सतरा. सकाळी नेली किती होती? सतरा. म्हणजे एक पोर जास्त आलं नव्हतं. एक बदललं होतं. आमचं एक पोर मिरजेला राहिलं होतं, आणि त्याच्या जागी दुसऱ्याचं घेऊन आम्ही तासाभराची वाट कापली होती.

आता मी कोण आणि सतरा पोरं घेऊन काय करत होतो, ते सांगतो. मी चौथी पास. सारी उमर साखर कारखान्याचा ट्रक चालवला. बालवाडी माझी नव्हे, माझ्या बायकोची. कडेगावपासून चार किलोमीटरवर आमचं गाव आहे. तिथं घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिनं बावीस वर्षं ती चालवली. दीड वर्षापूर्वी ती गेली. बाराव्याला जेवायला आलेल्या बायका हात धुता धुता म्हणाल्या, "आबा, सोमवारी बालवाडी चालू हाय न्हवं?" मी व्हय म्हटलं. तोंडातून गेलं. तेव्हापासून मी संस्थाचालक आहे.

शिकवायला विट्याची कोमल मॅडम आहे. पोरगी शिकलेली आणि हुशार. धुणं-पुसणं, खाऊ, रडारड, नाकं हे सगळं शेवंताकडं. ती बायकोच्या वेळेपासून आहे. माझं काम सोपं आहे. गेट उघडायचं, गेट लावायचं, आणि आई-बापांचं ऐकून घ्यायचं. पहिली दोन कामं मला चांगली येतात.

आई-बापांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथं अथर्वची आई ॲडमिन आहे. ॲडमिन म्हणजे ग्रुपचा पाटील. तिनं दिवाळीनंतर लिहिलं की सांगलीतल्या शाळांची एज्युकेशनल ट्रिप असते, आपली का नाही? बायको दरवर्षी पोरांना ओढ्यापर्यंत चालवत न्यायची. खेकडे दाखवायची, चिरमुरे खायला घालायची आणि परत आणायची. ते एज्युकेशनल नव्हतं म्हणे. त्याचे फोटो चांगले येत नाहीत.

मिरज मीच सुचवलं. तिथल्या एका दवाखान्यात मी वीस दिवस काढलेले. बायको वॉर्डात, मी बाहेर बाकड्यावर. स्टेशन जवळ होतं. गाडीचा भोंगा वॉर्डात ऐकू यायचा. एकदा ती म्हणाली, "आपल्या पोरांनी आगगाडी बघितली न्हाई. एकदा आणू." मी म्हटलं, आणू. पुढं तिचं काही राहिलं नाही, माझं आणू तेवढं राहिलं.

तर कोमल मॅडमनं कन्सेंट फॉर्म काढले. कन्सेंट म्हणजे पोराला न्यायला आमची हरकत नाही असं आई-बापानं लिहून द्यायचं. सगळ्यांनी सह्या केल्या, एका आज्यानं अंगठा दिला. रेशो काढला. किती पोरांमागं किती मोठी माणसं, तो रेशो. सतराला तीन. कागदावर लय झकास रेशो होता. आणि पोरं लांबून ओळखू यावीत म्हणून सांगलीच्या बाजारातून सतरा पिवळ्या टोप्या आणल्या.

मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर गेलो तर समोर चाळीस पिवळ्या टोप्या उभ्या.

सांगलीतली मोठी शाळा होती. नाव सांगत नाही, सांगायला श्वासही पुरणार नाही. त्यात इंटरनॅशनल आहे एवढं धरा. त्यांच्या चार टीचर, गळ्यात शिट्ट्या, बाहेर एसी बस. टोप्या बहुतेक आमच्याच दुकानातून घेतलेल्या. मला तर उलट अभिमान वाटला. म्हटलं, बघा, आता आपण आणि ते सारखेच दिसतो.

मग एक लांबडी एक्सप्रेस आली. भोंगा वाजला. सत्तावन्न पोरं एकदम किंचाळली आणि हाताला लागेल त्या माणसाला जाऊन चिकटली. माझ्या धोतराला चार होती. त्यातली किती माझी, हे मी बघितलं नाही. गाडी गेली, धूळ बसली, शिट्ट्या वाजल्या. त्यांनी त्यांच्या पिवळ्या टोप्या ओढून घेतल्या, आम्ही आमच्या. मी आमच्या गाडीच्या दारात उभा राहून एकेका टोपीवर बोट ठेवत मोजलं. सतरा भरली. "चला," म्हटलं.

ह्याला हेडकाउंट म्हणतात. नेमानं केला होता.

आता तासगावच्या पुढं, उसाच्या ट्रॉल्या शेजारून धडधडत चाललेल्या, आणि आम्ही तीन मोठी माणसं एकमेकांकडं बघत उभी. कारण सगळ्यात मोठी लाज अजून पुढंच होती. एक पोर राहिलंय हे कळलं होतं. कुठलं राहिलंय, ते कुणालाच सांगता येईना.

कोमल मॅडमनं फोनवर यादी काढली. "आबा, आराध्या आहे, अथर्व आहे..."

"व्हा बाजूला," शेवंता म्हणाली. ती गाडीत चढली आणि पहिल्या सीटपासून एकेका पोराची टोपी काढून, डोक्यावर तळवा ठेवून, नाव घेत गेली. "आरू. सोन्या. अथर्वबाळ. ही गंगी." तिसऱ्या ओळीला तिचा हात थांबला.

"माया न्हाई," ती म्हणाली.

हे बायकोचं. पोरं मोजायची नाहीत, नजर लागते, असं ती मानायची. बाहेर जाताना आणि घरी सोडताना प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून नाव घ्यायची. सतरा पोरांना दहा मिनिटं लागायची. मी गेटवर उभा राहून कंटाळायचो. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते बंद केलं. म्हटलं, ट्रकमधल्या मोळ्या मोजल्या, पोरं काय अवघड आहेत? अर्ध्या मिनिटात काम व्हायला लागलं. उरलेल्या साडेनऊ मिनिटांचं मी काय केलं, ते मला आठवत नाही.

"आबा," मागून सोन्या म्हणाला. वय वर्षं चार. "मी सांगिटलं हुतं, ह्यो आपला न्हाई."

"कवा रं?"

"मगाशी. तुमी म्हनला, गप बस."

म्हटलं होतं. लहान मुलांचं ऐकून घ्यावं असं आमच्याच भिंतीवर लिहिलेलं आहे. कोमल मॅडमनं रंगीत कागदावर लिहिलंय, फुलं काढून.

माया चार वर्षांची. आई-बाप मेंढरं घेऊन बाहेर चरायला जातात, दिवाळीनंतर गेले की पाऊसकाळाला येतात. ती गावाबाहेर माळावर आज्यापाशी असते. अंगठा दिलेला आजा तो हाच, धुळा तात्या. बालवाडीत येऊन तिला तीन महिने झाले होते. तीन महिन्यांत ती आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती. कोमल मॅडम म्हणायची, सेटलिंग चालू आहे. सेटलिंग म्हणजे पोरानं नव्या जागेत रुळणं. काही पोरं दोन दिवसांत रुळतात, काही बसून आपली परीक्षा घेतात.

म्हणजे सतरा पोरांतलं जे स्वतःचं नाव सांगणार नाही, नेमकं तेच आम्ही स्टेशनवर ठेवून आलो होतो. मिरज जंक्शनला. तिथून गाड्या कुठं कुठं जातात, ते मला वीस दिवसांत पाठ झालेलं होतं. पाठ झालं नसतं तर बरं झालं असतं.

"स्टेशनवर असंल, का त्यांच्या बशीत असंल?" शेवंतानं विचारलं.

कुणाला माहीत? विहानच्या स्वेटरच्या आत गळ्यात कार्ड होतं. ते ओढून काढलं. त्यावर शाळेचा वाघ होता, इंग्रजीत चार सुविचार होते, स्कॅन करायचा चौकोन होता. पोराच्या बापाचा नंबर नव्हता. पालकांची प्रायव्हसी असणार. खाली शाळेचा एक नंबर होता. लावला.

"नमस्कार. ॲडमिशनसाठी एक दाबा. फ्रँचायझीसाठी दोन दाबा. फी भरण्यासाठी तीन दाबा."

पोर हरवलं असेल तर काय दाबायचं, ते सांगितलं नाही. मी एक दाबलं. तिथं सगळ्यात लवकर उचलणार, एवढी अक्कल मला चौथीपर्यंत आली होती.

"गुड आफ्टरनून सर! ॲडमिशन कोणत्या वर्गासाठी हवीय?"

"हवी न्हाई, द्यायची हाय. तुमचं एक पोर माझ्याकडं आलंय."

"सॉरी सर?"

"विहान नाव हाय. साडेतीन वर्षं. पिवळी टोपी. मिरजंच्या स्टेशनवर बदली झाली. आमची एक पोरगी तुमच्या बशीत हाय का, तेवढं बघा. लगेच बघा."

तिनं फोन होल्डवर ठेवला. होल्ड म्हणजे आपण मरत असताना गाणं ऐकायचं. तीन मिनिटांनी मोठ्या मॅडम आल्या. आवाज एकदम गार.

"सर, आमच्या बसचा हेडकाउंट चाळीस आहे. नेले चाळीस, आणले चाळीस. आमच्याकडे सिस्टिम आहे."

"मॅडम, माझाबी सतरा हाय. नेली सतरा, आणली सतरा. मोजणी दोन्हीकडं बरोबर हाय. पोरं तेवढी चुकल्यात."



"एक मिनिट," त्या म्हणाल्या. ह्या वेळी गाणं लावायचं विसरल्या.

ते एक मिनिट किती वेळाचं होतं, मला सांगता येणार नाही. बायकोच्या वेळी डॉक्टरही असंच एक मिनिट म्हणाला होता. कोमल मॅडम चाकावर हात टेकून रडत होती. शेवंता पोरांना भाकरी-चटणी वाटत होती, कारण दीड वाजून गेला होता आणि पोरांना आमच्या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. विहाननं अर्धी भाकरी खाल्ली आणि वर हात पुढं केला.

मॅडम परत आल्या. "आहे. बसमध्ये एक मुलगी आहे. ती बोलत नाही. टीचरला वाटलं न्यू ॲडमिशन आहे. शांत बसली म्हणून तिला स्टार दिलाय."

मी रस्त्याकडंला खाली बसलो. धोतर मळलं. मळू दे म्हटलं.

गाडी फिरवली. पुन्हा तासगाव, पुन्हा ट्रॉल्या, आणि सांगली. वाटेत ग्रुप टणटणत होता. अथर्वची आई विचारत होती, कुठे पोचलात, फोटो टाका. दोन वाजून गेलेले. आम्ही अडीचला गावच्या फाट्यावर पोरं सोडणार होतो.

"आबा, ग्रुपवर काय टाकू?" कोमल मॅडमनं विचारलं.

"तुज्या मतानं काय टाकावं?"

"टायर पंक्चर झालं म्हणून टाकते. ड्रायव्हरदादा पण तेच सांगतील."

मी विचार केला. माया बोलत नाही. उरलेली सोळा बोलतात, पण त्यांचं घरी कोण ऐकून घेतं? मीही घेतलं नव्हतं. खोटं बोलायला इतकी सोयीची जागा पुन्हा मिळणार नव्हती.

"टाक," म्हटलं.

सांगलीतल्या शाळेच्या गेटवर वॉचमन होता. त्यानं रजिस्टरमध्ये माझं नाव, गाव, कामाचं कारण लिहून घेतलं. कारणात 'पोर बदलणे' लिही म्हटलं, त्यानं 'मीटिंग' लिहिलं. मग गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला घातला. बिल्ल्याशिवाय आत सोडत नाहीत, सिक्युरिटी कडक आहे म्हणाला. मला ते पटलं. बाहेरचं माणूस आत येऊ नये ह्याची काळजी ते घेत होते. आतलं पोर बाहेर जाण्याबद्दल बहुतेक वेगळा माणूस असेल.

आत लाल खुर्चीवर माया बसलेली. हातात केकचा तुकडा, कपाळावर चिकटवलेला सोनेरी स्टार. तिनं मला बघितलं आणि केक खायला लागली.

मोठ्या मॅडमनी हात जोडले आणि टेबलावर एक फॉर्म सरकवला. "सर, मुलगी हँडओव्हर करायला तिच्या पालकांचं पत्र लागेल, आणि तुमचा फोटो आयडी. प्रोटोकॉल आहे."

"मिरजंला तिला बशीत चढवताना कुठलं पत्र बघितलं हुतं?"

"ते वेगळं. पण आता आम्ही जबाबदार आहोत. आणि..." त्यांनी मायाकडं बघितलं. "सॉरी, पण ती तुम्हाला ओळखत नाही असं दिसतंय."

"चांगली वळखती. म्हणूनच जाग्यावरनं उठंना."

त्या हसल्या नाहीत. त्यांचं काही चुकत नव्हतं म्हणा. उद्या कुणी धोतरवाला म्हातारा आला आणि पोरगी माझी म्हणाला, तर द्यायची का? नाहीच द्यायची. दुपारी साडेबारा ते अडीच एवढ्या वेळातच त्यांनी आणि मी वाटेल ते पोर वाटेल त्याला दिलं होतं. त्याआधी आणि त्यानंतर आम्ही दोघंही लय काटेकोर.

मी खिशातून आधार कार्ड काढत होतो, तेवढ्यात दारात गलका झाला. शेवंता आली होती. बिल्ला नाही, रजिस्टर नाही, कडेवर झोपलेला विहान. मागून वॉचमन "आवं मावशी, आवं मावशी" करत पळत होता. तिनं विहानला मोठ्या मॅडमच्या हातात दिला, त्याच्या शर्टावरच्या चटणीसकट. मायापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, "चल गं माये. आज्जा वाट बगत आसंल."

मायानं उरलेला केक शेवंताच्या तोंडात कोंबला आणि दोन्ही हात वर केले. शेवंतानं उचलली. प्रोटोकॉल संपला.

निघताना मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, हे आपल्यातच ठेवू या. दोन्ही संस्थांच्या नावाचा प्रश्न आहे."

"माज्या संस्थेला नाव न्हाई मॅडम. पाटी होती, ती वाऱ्यानं पडली. पण तुमचा विहान बोलका हाय, त्यो घरी सांगंल."

"तो लहान आहे, त्याला एवढं सांगता येणार नाही."

ते खरं होतं. इंग्रजीतून सांगायचं तर त्याला जेवढं शिकवलंय, त्यात हे बसत नव्हतं.

फाट्यावर पोचायला पाच वाजले. सगळे आई-बाप उभे. पोरं उतरली, पिशव्या उतरल्या. अथर्वची आई म्हणाली, "आबा, स्टेपनी न्हवती का गाडीत?" मी खोकलो. खोकला ह्या वयात फार उपयोगी पडतो.

तेवढ्यात मोटरसायकलवरून धुळा तात्या उतरला. डोक्याला पटका, हातात काठी. मोटरसायकल आमच्या गावच्या पंक्चरवाल्याची. मधे त्याची पेटी, ट्यूब, पंप, सगळं दोरीनं बांधलेलं.

"आवं आबा, हितं असा व्हय तुमी!" तात्या म्हणाला. "पार विट्याच्या रस्त्याला लागून आलो की आमी. कोन तरी म्हनलं गाडी पंचर हाय, पोरं उनात हाईत. म्हनलं ह्याला उचलून घिऊन जावं. ह्यो येतच न्हवता, म्हनला पंप जड हाय. कुठलं चाक वो? फुडलं का मागलं?"

त्याच्याकडं व्हॉट्सॲप नाही. कुणाच्या तरी तोंडून ऐकलं आणि दुसऱ्याच्या पोरांसाठीही पंक्चरवाला उचलून निघाला.

मी उमरभर बऱ्याच ठिकाणी खोटं बोललोय. साहेबाशी, आरटीओशी, बायकोशीही. चाकाबद्दल कधी बोललो नव्हतो.

"चाक न्हाई तात्या," मी म्हटलं. "पंचर न्हवतंच. माया हरवली हुती."

कोमल मॅडमनं डोळे मिटून घेतले. मी सगळं सांगितलं. स्टेशन, टोप्या, मोजणी, सांगली. काही लपवलं नाही, फक्त केकचं राहिलं.

तात्यानं मायाला शेवंताकडून घेतलं. खाली उभी केली. तिचे दोन्ही कान बघितले, हात उलटे-पालटे करून बघितले, पायाला कुठं खरचटलंय का ते वाकून बघितलं. मग कपाळावरचा स्टार नखानं खरवडून काढला. निघेना, तरी काढला.

"किती येळ न्हवती?"

"दोन तास."

"तुमाला कवा कळलं?"

"तासगावच्या फुडं."

"म्हंजी मिरजंपसनं तासगावपातूर तुमाला ठावंच न्हाई."

"न्हाई."

त्यानं मला शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. त्यानं काठी काखेत मारली. मायाला खांद्यावर घेतलं आणि माळाच्या वाटेनं चालायला लागला. पंक्चरवाला त्याच्या मागं "तात्या, गाडीवर बसा" म्हणत राहिला. तात्या चालतच गेला.

बाकीचे मात्र बोलले. रात्रीपर्यंत ग्रुपवर एवढे मेसेज आले की कोमल मॅडमचा फोन गरम झाला. अथर्वची आई म्हणाली, जीपीएस बसवा, सीसीटीव्ही बसवा, ट्रेन्ड स्टाफ ठेवा. सीसीटीव्ही प्लॅटफॉर्मवर बसवायचा का गाडीत, ते मी विचारलं नाही. बोलायचा अधिकार त्या दिवशी माझा नव्हता.

घरी आलो. चहा केला. झालेलं सगळं सांगायला घरात कुणी नव्हतं. ती असती तर आठवडाभर माझ्याशी बोलली नसती. ती शिक्षा बरी होती. ही बरी नाही.

सोमवारी सहा पोरं आली नाहीत. अथर्वसुद्धा गेला, पण त्याची आई अजून ग्रुपची ॲडमिन आहे. तिला काढायचं कसं ते आम्हाला येत नाही. त्या सहांतच मायाही, ती आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. अकरा पोरं उरली. कोमल मॅडमनं विचारलं, आबा, बंद करायचं का? मी गेट उघडायला गेलो. तेच उत्तर समजा.

गेटवर उभा राहून मी रोज एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लागलो. पहिल्या दिवशी मला चार नावं आली. दीड वर्ष मी ह्या पोरांचं गेट उघडत होतो आणि मला चार नावं येत होती. बाकीची शेवंतानं मागून सांगितली. दोन आठवडे लागले. आराध्याच्या डोक्यात उवा आहेत हेही त्यातच कळलं. मोजून ते कळलं नसतं.

दुसऱ्या सोमवारी सकाळी माळाच्या वाटेनं काठी दिसली. धुळा तात्या, बोटाला माया.

मी म्हटलं, "या तात्या."

"घरात ऱ्हाईना झालीया," तात्या म्हणाला. "दिसभर बस, बस, बस. गार बस, आन् केक. घरी तोंड मिटत न्हाई हिचं."

"घरी बोलती व्हय?"

"बोलती? आवं, कान किटल्यात माजं."

मी मायाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघून गप्प. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नाव घेतलं. तिनं डोकं काढून घेतलं.

मी म्हटलं, "तात्या, तुमी हिला दुसरीकडं घातली असती तरी मी वाईट मानलं नसतं. माजी चूक हाय."

"हाय की. न्हाई कोन म्हनतंय?" तात्यानं उंबऱ्यावर घोंगडं टाकलं. "पर दुसरीकडंबी मोजत्यातच न्हवं? मोजनारी मानसं सगळीकडं हाईत. हितं निदान तुमाला भ्या बसलंय."

आणि तो उंबऱ्यावर बसला. मला वाटलं, दम खाईल आणि जाईल. दुपारपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशीही आला आणि बसला. काठी आडवी, पाठ चौकटीला, तोंड आत. मेंढरं लेका-सुनेबरोबर लांब आहेत, त्याला दुसरं काम नाही. कुठलं पोर उठलं, कुठलं कुठं गेलं, कोण कुणाच्या मागं लपलंय, सगळं बसल्या जागेवरून बघतो. सोन्या एकदा मागच्या दारानं ओढ्याकडं निघाला होता. तात्यानं नुसतं "हुर्र" केलं. सोन्या जागेवर आला, आणि त्याच्याबरोबर दोन शेळ्याही आल्या, त्या आमच्या नव्हत्या.

मार्चपर्यंत चार पोरं परत आली. त्यांच्या आया आधी येऊन उंबऱ्याकडं बघून गेल्या. कोमल मॅडम म्हणते, आता आपला रेशो सुधारला. अथर्वची आई ग्रुपवर अजून सीसीटीव्हीचं विचारते. मी तिला कळवलंय, बसवलाय. लाईट गेली तरी चालतो, आणि पोरांना नावानं हाक मारतो.

माया अजून आमच्याशी बोलत नाही. कोमल मॅडम म्हणते, सेटलिंग चालू आहे. मला तसं वाटत नाही. ती रुळली आहे. आम्ही रुळतोय का, ते ती बघतीय.

कुणाला बालवाडी काढायची असेल तर माझं सांगणं एवढंच. फॉर्म भरून घ्या, टोप्या घ्या, रेशो काढा, सगळं करा. मोजायचं असेल तर मोजाही. पण मोजणी बरोबर आली की लगेच "चला" म्हणू नका.